राहून गेलेला डाव

एकदा एक यंत्रकार होता आणि त्याचा एक गुरू होता, असं म्हणून दृष्टांत सुरू करायचा आणि पुढे कोणालाही नाव द्यायचं नाही, अशी जुनी रीत आहे. मी ती रीत मोडणार आहे. बिननावाच्या माणसाची चूक आपण फार सहज शेजाऱ्याच्या पदरात टाकतो, म्हणून. तेव्हा यंत्रकाराचं नाव हृषीकेश, आणि त्याच्या गुरूंना नाशकातले ओळखीचे सगळे लोक आबा म्हणत.

आबा म्हणजे दाढी, कमंडलू आणि व्याघ्रासन असले गुरू नव्हेत हं. रविवार कारंज्याजवळ त्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. चौदा यंत्रं भिंतीला लावलेली. नाणं टाकायचं आणि उभ्यानं खेळायचं. हृषीकेश तेव्हा पदवीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि तासांपेक्षा तिथेच जास्त हजर असे. एकदा एक यंत्र बंद पडलं. आबांनी त्याची पाठ उघडली, तेव्हा बाकीचे दुसऱ्या यंत्राकडे वळले आणि हा मात्र मागे येऊन उभा राहिला.

"खेळायचं सोडून इकडे काय बघतोयस?"

"आत काय आहे ते."

आबांनी सोल्डरिंगची कांडी त्याच्या हातात दिली. त्यानंतर तीन वर्षं तो त्यांच्याकडे यंत्रांचं पोट शिकला. आपलं जे काही आहे ते आबांचं आहे, असं तो पुढे मोठा झाल्यावरही चारचौघांत सांगे, आणि ते तो मनापासून सांगे.

वीस वर्षांनी त्यानं स्वतःचं यंत्र केलं. घरच्या टीव्हीला जोडायचं, कंट्रोलर हातात धरायचा आणि खेळायचं. मुलं त्याला कन्सोल म्हणतात, वडीलधारी मंडळी 'तो टीव्हीखालचा डबा' म्हणतात. हृषीकेशनं आपल्या यंत्राचं नाव 'ध्रुव' ठेवलं. शहराबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत दुमजली कारखाना उभा राहिला, दीडशे माणसं कामाला लागली. आणि यंत्र म्हणाल तर, खोटं कशाला बोलू, अप्रतिम होतं. तापत नसे, घुरघुरत नसे, चित्र असं स्वच्छ की बघत राहावं. कंट्रोलरवर अंगठ्याखाली रुपयाएवढी एक चकती बसवली होती. ती फिरवताना अंगठ्याला ताण जाणवे. खेळातलं ओझं वाढलं की चकती जड होई, ओझं उतरलं की सैल फिरे. अशी चकती दुसऱ्या कुठल्याच यंत्रावर नव्हती. तिचं नेमकं करायचं काय, हे मात्र हृषीकेशलाही ठाऊक नव्हतं. "कोणाला तरी सुचेल," असं तो हसून म्हणायचा.

आता एक गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या धंद्यात यंत्र करणारा एक असतो आणि त्यावरचे खेळ करणारे बहुतेक दुसरेच असतात. कोणी एकटा बसून करतो, कुठे चार मित्र मिळून करतात. यंत्रकार त्यांना एक चाचणीयंत्र देतो, त्यावर ते आपला खेळ रचतात, आणि यंत्रकारानं मान्य केला की तो खेळ लोकांच्या घरी पोचतो.

इथेच हृषीकेशचं घोडं पेंड खात होतं. त्याचा स्वभाव निर्दोषतेचा. बाहेरच्या यंत्रांवर टुकार खेळांचा कसा बुजबुजाट असतो, हे त्यानं पाहिलं होतं. त्यानं ठरवलं की माझ्या यंत्रावर असला कचरा येणार नाही. मग त्यानं स्वतः बसून नियम लिहिले. प्रत्येक खेळ मी स्वतः पाहीन, माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही बाहेर पडणार नाही. खेळ चाचणीयंत्राच्या आतच रचायचा, चोरी होऊ नये म्हणून बाहेर प्रत काढता येणार नाही. आणि सहा महिन्यांत जो खेळ मान्य होणार नाही, त्याच्या कर्त्यानं चाचणीयंत्र परत करायचं. आतलं सगळं पुसलं जाईल. कागदावर हे नियम कसे अगदी शिस्तीचे दिसत होते! अडचण एवढीच होती की ज्याच्या नजरेखालून सगळं जायचं, त्याला मान वर करायलाच फुरसत नव्हती. यंत्राचं झाकण मिटताना 'टक्' असा आवाज व्हावा की 'टप्' असा, यावर या गृहस्थानं तीन आठवडे घालवले होते.

आणि खाली, तळमजल्यावर, दारापाशी एक लांब लाकडी बाक होता. खेळ घेऊन आलेली माणसं त्यावर बसत. सकाळी येत, डबा तिथेच खात, संध्याकाळी "साहेब आज बैठकीत आहेत" असं ऐकून उठत. कोणी पुण्याहून आलेला असे, कोणी नगरहून. पहिल्या महिन्यात बाकावर जागा मिळायची नाही.

त्यांतच येवल्याची रेवती होती. सव्वीस वर्षांची, विणकरांच्या घरातली. संगणकाचं शिक्षण घेऊन घरीच काम करणारी. तुम्ही संक्रांतीला येवल्यात गेला असाल तर तिच्या खेळाबद्दल फार सांगायला नको. तीन दिवस ते गाव जमिनीवर नसतंच, गच्चीवर असतं. तिनं पतंगांचा खेळ केला होता. दोघांनी मिळून खेळायचा. एकाच्या हाती पतंग, दुसऱ्याच्या हाती आसारी, म्हणजे मांजा गुंडाळायची बांबूची फिरकी. पतंगवाला वाऱ्यात जागा शोधतो, आसारीवाला ढील देतो किंवा खेचतो, आणि दोघांचं जुळलं तरच पेच जिंकता येतो. आसारी म्हणून तिनं वापरली होती ती हीच चकती. अंगठ्याखालच्या त्या ताणावरून दुसऱ्याचा मांजा आपल्या मांज्यावर चढला की सुटला, हे बोटाला कळत असे. ज्या गोष्टीचं काय करायचं ते कर्त्याला माहीत नव्हतं, ते या मुलीला कळलं होतं.

ती पाच वेळा एसटीनं आली आणि पाच वेळा परत गेली. त्यातल्या चौथ्या खेपेला हृषीकेश तिला जिन्यात भेटला. तिनं धिटाईनं तिथेच त्याला थांबवलं. हृषीकेशबरोबरच्या कारखान्यातल्या माणसानं टॅबवर तिच्या खेळाची चित्रफीत दाखवली. हृषीकेशनं ती मिनिटभर पाहिली.

"हा धागा थरथरतोय. चित्र स्थिर नाही."

"सर, मांजा थरथरतोच. तो थरथरला नाही तर खेळणाऱ्याला कळणार कसं?"

"यंत्राची बदनामी होते त्यानं. लोक म्हणतील ध्रुवचं चित्र हलतं. थरथर काढा, मग बघू."

"एकदा हातात घेऊन बघा ना सर. दोघं लागतात. तुम्ही आणि मी खेळू, पाच मिनिटं फक्त."

"आज नको," हृषीकेश म्हणाला. त्यात तुच्छता नव्हती बरं का. त्याला खरंच वाटत होतं की पुढच्या आठवड्यात निवांत बसू. आपल्या सगळ्यांनाच वाटतं तसं.

यंत्राच्या प्रकाशनासाठी दसऱ्याचा मुहूर्त धरला. वरच्या मजल्यावर मांडव, फुलांच्या माळा, वार्ताहर, एक मंत्री. प्रकाशन मात्र आबांच्या हस्ते व्हायचं, असा हृषीकेशचा हट्ट होता. "मंत्री नुसते बसतील. दिवा आबा लावतील," असं त्यानं निक्षून सांगितलं होतं. गुरूनं आपलं यंत्र आपल्या हातांनी सुरू करावं, यापेक्षा मोठं त्याला त्या दिवशी काहीच नको होतं.

आबा वेळेवर आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पायात नव्या चपला. आणि आत शिरले ते थेट बाकावर जाऊन बसले.

वर अकरा वाजले. सव्वाअकरा वाजले. हृषीकेशनं माणूस खाली पाठवला. तो परत येऊन म्हणाला, "ते म्हणताहेत, येतो म्हणावं, पेच लागलाय." पुन्हा पाठवला. पुन्हा तेच उत्तर. वार्ताहर घड्याळं पाहू लागले, मंत्र्यांचे साहाय्यक कानात कुजबुजू लागले. शेवटी हृषीकेश स्वतःच जिना उतरून खाली आला.

बघतो तर काय! बाकासमोरच्या भिंतीवर कंपनीची जाहिरात दाखवणारा टीव्ही होता. त्याला रेवतीचं चाचणीयंत्र जोडलेलं. एक कंट्रोलर तिच्या हातात, एक आबांच्या. आबांनी चपला काढून मांडी ठोकली होती, चष्मा नाकाच्या टोकावर घसरला होता आणि ते लहान पोरासारखे ओरडत होते, "दे ढील! अगं दे की! काटला, काटला!" दारावरचा रखवालदार, फुलांच्या माळा घेऊन आलेला माळी आणि चहावाला असे तिघं मागे उभे राहून मोठमोठ्यानं सल्ले देत होते.

"आबा," हृषीकेश म्हणाला, "वर सगळे खोळंबलेत."

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या हातातला कंट्रोलर त्याच्यापुढे धरला.

"बस जरा. एक डाव खेळ."

"आबा, मंत्री थांबलेत."

"थांबू देत. एक डाव."

हृषीकेशनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मुहूर्ताची सात मिनिटं उरली होती. त्याचा चेहरा लाल झाला. "संध्याकाळी खेळू," तो म्हणाला. "चला ना आबा, तुमच्यासाठी हे सगळं केलंय."

आबांनी कंट्रोलर हळूच मांडीवर ठेवला. "तू हो पुढे," ते म्हणाले. "मी इथेच बरा आहे."

दिवा मंत्र्यांनी लावला. हृषीकेश टाळ्या घेऊन खाली आला, तेव्हा आबा निघून गेले होते. बाक रिकामा होता. त्या दिवशी तो फार दुखावला. म्हातारपणी माणसाला मत्सर होतो, असं त्याला कोणीसं सुचवलं, आणि मला हे सांगताना वाईट वाटतं, पण त्यानं ते खरं मानलं. पुढे दीड वर्ष तो आबांकडे फिरकला नाही.

यंत्राचं काय झालं? पहिले दोन महिने वाहवा. वर्तमानपत्रांत फोटो, परीक्षकांची प्रशस्तिपत्रं. यंत्राबरोबर पाच खेळ होते, पाचही कारखान्यातच केलेले, पाचही निर्दोष. आणि पाचही इतके कंटाळवाणे की दिवाळीची सुट्टी संपायच्या आत लोकांचे खेळून झाले. दुकानदार विचारू लागले, "साहेब, पुढचे खेळ कधी?" पुढचे खेळ बाकावर बसले होते. मग बाकावरची माणसंही एकेक करून कमी झाली.

त्याच सुमारास बाजारात दुसऱ्या एका कंपनीचं यंत्र आलं. तापणारं, आवाज करणारं, दिसायला ओबडधोबड. पण त्यांच्याकडे खेळ घेऊन गेलं की आठ दिवसांत कोणीतरी समोर बसून तो खेळायचं आणि हो की नाही ते सांगायचं. रेवतीचा पतंग तिथे उडाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत असं झालं की ज्या घरी ते यंत्र, त्या घरी आळीतली पोरंच नव्हे, त्यांचे बापही जमू लागले. एकट्यानं खेळता येत नाही म्हटल्यावर शेजाऱ्याला बोलवावंच लागे, आणि खेळून घरी गेलेला शेजारी आठवड्याभरात तेच यंत्र घेऊन येई. यंत्रं वाढली तसे खेळ करणारेही तिकडेच गेले. खेळ वाढले तशी यंत्रं आणखी खपली. ध्रुववर लोकांच्या घरी विणकामाचे रुमाल पडले.

हृषीकेशनं काय केलं नाही? किंमत उतरवली. रंग बदलले. चित्र आणखी स्वच्छ केलं. आधीच स्वच्छ होतं ते! दोन वर्षं पुरी व्हायच्या आत कारखान्याला कुलूप लागलं. शेवटच्या दिवशी दीडशे माणसं रांगेनं त्याच्याशी हात मिळवून गेली, आणि एकानंही त्याला दोष दिला नाही, याचंच त्याला जास्त लागलं.

त्यानंतर मात्र तो आबांकडे गेला. पार्लर कधीच बंद झालं होतं. आबा घराच्या पडवीत बसून शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करत. हृषीकेश पाया पडला. "बस," आबा म्हणाले, जणू तो कालच येऊन गेला होता. सूनबाई चहा ठेवून गेल्या.

"आबा, माझं यंत्र वाईट होतं का हो?"

"छे. तुझ्या यंत्राला नाव ठेवणाऱ्याची जीभ झडेल. मी पेपरात वाचत होतो सगळं."

"मग त्या दिवशी तुम्ही वर का नाही आलात?"

आबांनी हातातला मिक्सर बाजूला ठेवला.

"यंत्र मला ठाऊक होतं, हृषी. तू करणार म्हणजे ते चांगलंच असणार. ते पाहायला मी आलोच नव्हतो. मी पाहायला आलो होतो की यंत्राच्या दारात कोण बसलंय. माझ्याकडे चौदा यंत्रं होती. सगळ्यांत देखणं यंत्र दाराशी ठेवलं होतं. त्यावर धूळ बसायची. मागच्या कोपऱ्यात एक मोडकं होतं, काच तडकलेली, आणि त्याच्याभोवती सहा जण. का? तर त्यावर दोघांनी भांडायचा खेळ होता. लोक यंत्र विकत घेत नाहीत रे. शेजारच्या घरातून हसण्याचा आवाज येतो, तो विकत घेतात. आणि तो आवाज तुझ्या कारखान्यात तयार होत नव्हता. तो ज्यांच्या डोक्यात तयार होत होता, ती माणसं तुझ्या बाकावर डबा खात बसली होती."

"पण त्या दुसऱ्यांकडे शंभरातले नव्वद खेळ टुकार आहेत, आबा. मी चाळण लावली हे चुकलं?"

"चाळण लावावीच. घरोघरी लावतात. पण चाळायला बसलेला माणूस जागेवर नको? तू म्हणालास, मीच चाळणार, दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. आणि तू तर कळसाला सोन्याचा मुलामा देत वर बसला होतास. पोती दारातच राहिली. माणसाचं पहिलं काम नाकारलं तर तो उठून दुसरं करतो. पण त्याला नुसतं बसवून ठेवलं, ना हो ना नाही, की त्याचा जीव आटतो. त्या बाकावर ती पोरगी सांगत होती ते ऐकताना माझाच जीव अर्धा झाला."

हृषीकेशनं मान खाली घातली आणि म्हणाला, "हे त्या दिवशी सांगितलं असतंत तर..."

आणि इथे, मंडळी, आपल्या नेहमीच्या दृष्टांतात गुरू मंद स्मित करतो. आबांनी केलं नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"तेच तर," ते म्हणाले. "तेच माझं चुकलं. मला वाटलं, शहाणा आहे, इशाऱ्यानं समजेल. मी कंट्रोलर पुढे केला आणि गप्प बसलो. अरे, ज्याच्या डोक्यात सात मिनिटांचा मुहूर्त फिरतोय त्याला इशारा काय कळणार? मी तुझा कान धरायला हवा होता. सगळ्यांसमोर धरायला हवा होता. कोडी घालण्यात म्हाताऱ्यांना मोठेपणा वाटतो बघ. मी रागानं निघून गेलो आणि त्यालाच शहाणपण समजलो. दीडशे घरं त्यात गेली. तुझ्या एकट्याच्या माथ्यावर नाहीत ती, माझ्याही आहेत."

"आबा, असं नका बोलू."

"येवल्याला जाऊन ये," आबा म्हणाले. "त्या पोरीला भेट. मला पुढचं बोलवत नाही."

हृषीकेश दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं येवल्याला गेला. रेवतीनं आता घराच्या वर दोन खोल्या चढवल्या होत्या, चार मुली तिच्या हाताखाली काम करत होत्या. तिनं त्याला पाहिलं आणि चटकन उठून खुर्ची पुढे केली. तिच्या बोलण्यात कडवटपणाचा लवलेश नव्हता, आणि तोंडदेखलं गोडही ती काही बोलली नाही.

"मी तुमचा खेळ खेळायला आलोय," तो म्हणाला. "उशीर झालाय, ठाऊक आहे मला."

तिनं ते दुसरं यंत्र टीव्हीला जोडलं. दोघं खेळले. पहिले दोन पेच त्यानं घालवले, तिसऱ्यात तिनं ओरडून त्याला ढील द्यायला लावली आणि समोरचा पतंग कटून गिरक्या घेत खाली गेला. हृषीकेश मोठ्यानं हसला. कित्येक महिन्यांनी हसला. हसता हसता त्यानं हातातल्या कंट्रोलरकडे पाहिलं. त्यावर दोन बटणं होती, एक ढिलीचं, एक खेचायचं.

"चकती नाही," तो म्हणाला.

"या यंत्राला चकती नाहीच सर. बटणांवर बसवावं लागलं. लोकांना आवडला, देवाची कृपा आहे. पण मी केला होता तो खेळ हा नव्हे. त्यात शेवटच्या अवघड डावांत मांजा डोळ्यांना दिसायचाच नाही, नुसता अंगठ्याला कळायचा. डोळे मिटून पेच खेळता यायचा."

"मग तो मूळचा खेळ दे मला!" हृषीकेश एकदम उठून उभा राहिला. घाईत तो तिला एकेरीत बोलून गेला. "माझ्या घरी अजून सात ध्रुव आहेत. तो मला त्यांच्यावर लावून दे. मी गावोगाव दाखवीन. रेवती, या चकतीचं काय करायचं ते तुला एकटीलाच कळलं होतं."

रेवतीनं हातातला कंट्रोलर खाली ठेवला.

"तो नाहीये सर. काम यंत्राच्या आतच करायचं, बाहेर प्रत न्यायची नाही, असा नियम होता ना तुमचा. चकतीचा एकेक ताण मी सहा महिने बोटानं चाचपून बसवला होता, तो आता पुन्हा जुळत नाही. आणि सहा महिने झाले की यंत्र परत. दसऱ्याला मी तेवढ्यासाठीच आले होते. सहा महिने त्याच दिवशी भरत होते. तळमजल्यावरच्या खिडकीत यंत्रं परत घेणाऱ्या तुमच्या बाईंनी कागद तयार ठेवला होता. मी सही करणार तेवढ्यात आबा येऊन शेजारी बसले. म्हणाले, काय आहे त्यात, मला दाखव. मी दाखवलं. तीन डाव झाल्यावर त्यांनी माझा हातच धरला. म्हणाले, आत्ता सही करू नकोस. थांब. हृषी मला शोधत खाली येईल. तो एक डाव खेळेल, आणि मग हा कागद तो स्वतःच फाडेल. माझ्या पोराला मी ओळखतो, एक डाव त्याला पुरे आहे."

हृषीकेश उभा होता तो खाली बसला.

"म्हणून आम्ही खेळत राहिलो सर. तुमची माणसं बोलवायला आली तरी आबा हलेनात. तुम्ही खाली आलात तेव्हा मला वाटलं, झालं माझं काम." तिनं पुढे सांगितलं, "तुम्ही वर गेल्यावर आबा उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता निघून गेले. मग मी सही केली. बाईंनी माझ्यासमोरच पुसलं. दोन मिनिटं लागली."

गल्लीतून कोणाच्या तरी घरातल्या मागाचा आवाज येत होता. हृषीकेशला एवढंच विचारता आलं, "कसा होता तो खेळ? हाताला कसा लागायचा?"

रेवतीनं त्याच्या हाताकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि नकारार्थी मान हलवली.

"सांगून नाही कळायचा सर," ती म्हणाली. "खेळायला हवा होतात."

ज्याला यंत्र विकायचं आहे त्यानं आधी दारातल्या माणसासमोर घडीभर बसावं. आणि ज्याला चूक दिसते आहे त्यानं कोडं न घालता, वेळ असेपर्यंत, तोंडानं बोलावं.